बिनफोडणीचं

नेदरलँड्समधल्या मराठी मंडळींत माझी एक ख्याती होती. गणपतीला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, कुणाच्या डोहाळजेवणाला जमलो की पानं उठल्यावर कुणीतरी हमखास म्हणायचं, ‘ते डच जेवणाचं सांग ना!’ मग मी सुरू व्हायचे. बटाटे उकडायचे, त्यात एखादी भाजी ढकलायची, दोन्ही ठेचून एक करायचं, ढिगाच्या मधोमध खळगा पाडून त्यात तपकिरी पाणी ओतायचं आणि शेजारी एक सॉसेज आडवं टाकायचं. झाला यांचा राष्ट्रीय पदार्थ. शेवटी ठेवणीतली ओळ: मसाल्यांसाठी या लोकांनी अर्धं जग वेठीला धरलं आणि घरी येऊन मीठसुद्धा मोजून घातलं. लोक हसून लोळायचे.

ती ओळ मी आता म्हणत नाही. कुणी टोकलं म्हणून नव्हे, की इथे राहून राहून मी डच झाले म्हणूनही नव्हे. स्टाम्पॉटबद्दलचं माझं मत हळूहळू, माझ्याही नकळत, सरकत गेलं आणि एके काळी तोंडपाठ असलेला तो कार्यक्रम मला करता येईनासा झाला. हे मनोगत त्या सरकण्याचं आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. स्टाम्पॉट हा एक पदार्थ नाही, ते घराणं आहे. बटाटा सगळीकडे असतो, जोडीदार बदलतो. कुरळ्या पानांचा, गड्डा न धरणारा कोबी, म्हणजे हल्ली आपल्याकडे सॅलडवाल्यांनी डोक्यावर घेतलेला केल, घातला की तो बुरेनकोल. त्याच्यासोबत धुरावलेलं रोकवोर्स्ट नावाचं सॉसेज. गाजर आणि कांदा घातला की हुट्सपॉट, त्याच्याबरोबर तासन्‌तास मंद शिजवलेलं बीफ. आंडायव्ही नावाची किंचित कडू पालेभाजी असते, ती कच्चीच मिसळतात. आंबवलेल्या कोबीचा असतो तो झ्यूरकोल. बटाटा आणि सफरचंद एकत्र ठेचलं की त्याला ‘हेटे ब्लिक्सम’ म्हणजे तापलेली वीज म्हणतात, आणि पहिला घास घाईने घेतला की ते नाव का पडलं हे जिभेला समजतं. शेजारी बेल्जियममध्ये स्टूम्प आहे, आयर्लंडमध्ये कोलकॅनन आहे. थंड, ओल्या मुलखांत हे असं सुचत असावं.

माझं आधीचं मत उगाच तयार झालेलं नव्हतं, हेही सांगायला हवं. मी सोलापूरची. आमच्याकडे शेंगाचटणी, कडक भाकरी आणि लसणाचा सढळ हात. भाजीला फोडणी नाही याचा अर्थ घरात कुणीतरी आजारी आहे. बरं, ठेचलेल्या भाजीशी माझं वैर असावं तर तसंही नाही. गरगट्टा आमच्या घरी आठवड्यातून एकदा तरी व्हायचाच: मिळतील त्या पालेभाज्या, डाळ आणि शेंगदाणे एकत्र शिजवून रवीने घोटायचं आणि वरून लसूण-मिरचीची चुरचुरीत फोडणी. मी राहते त्या लायडनच्या शेजारघरात पहिल्यांदा माझ्यापुढे बुरेनकोलची बशी आली तेव्हा मला दिसला तो शेवटची पायरी करायची राहून गेलेला गरगट्टा. हिरवा-पांढरा, वाफाळता आणि अर्धवट. बाई कढई गरम करायला विसरल्या, असंच वाटलं. ‘अर्धवट’ हा माझा मुख्य आक्षेप होता, बाकी विनोद त्याच्यावर रचलेले.

मत सरकायला सुरुवात झाली ती चवीमुळे नाही. ती झाली त्या ठेवणीतल्या ओळीमुळेच. एकदा एका डच सहकाऱ्याने ती ऐकली, हसला, आणि म्हणाला की तुझ्या फ्रिजमध्ये कुठलं चीज आहे ते बघ. माझ्या फ्रिजमध्ये होतं लायडनचं चीज. मला ते आवडायचं, कारण त्यात अख्खे जिरे असतात. मी ज्या गावात राहते त्याच गावाच्या नावाचं, जिरे घातलेलं चीज मी वर्षानुवर्षं खात होते आणि याच गावातले लोक मसाल्याला ओळखत नाहीत असं सांगतही होते. उत्तरेकडच्या फ्रीसलंडमध्ये लवंग घातलेलं चीज करतात. फ्लॉवर, फरसबी आणि बटाट्याच्या लगद्यावर इथल्या जुन्या बायका जायफळ किसतात. डिसेंबरात स्पेक्युलास बिस्किटं भाजायला लागली की बेकरीच्या दारात दालचिनी आणि लवंगेचा वास आपल्या मसाल्याच्या डब्यासारखाच येतो. इंडोनेशियातून आलेलं सांबल तर प्रत्येक सुपरमार्केटात मिळतं.

त्या ओळीचा पूर्वार्ध मात्र खरा आहे, आणि खरं म्हणजे विनोदात खपवण्याइतका हलका नाही. १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली आणि १६२१ मध्ये यान पीटरझून कूनने जायफळाच्या मक्तेदारीसाठी बांडा बेटांवरची बहुतेक वस्ती मारून किंवा हाकलून संपवली. कोकणातही त्यांची पावलं आहेत. वेंगुर्ल्यातली डच वखार सतराव्या शतकातली, तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. पण व्यापारी माल आणतो तो विकायला. जायफळ-लवंगा युरोपभर विकून आलेला पैसा ॲमस्टरडॅमच्या कालव्यांकाठी उंच घरांत दिसतो. गावच्या शेतकऱ्याच्या पातेल्यात तो कुठून दिसणार? ‘या लोकांनी’ असं म्हणून मी कंपनीचे भागधारक आणि कोबी चिरणारी बाई यांना एकाच ओळीत कोंबत होते.

मग मी जरा नाद लावून घेतला. १६६७ साली ॲमस्टरडॅममध्ये ‘डे फरस्टांडिगे कोक’ म्हणजे ‘शहाणा स्वयंपाकी’ नावाचं एक पाकपुस्तक छापलं गेलं. त्यात हुट्सपॉट आहे. आणि काय आहे म्हणता! मटण किंवा बीफ बारीक चिरून, त्यात पालेभाजी नाहीतर पास्टिनाक नावाचा पांढऱ्या गाजरासारखा कंद, वर लिंबाचा किंवा संत्र्याचा रस, नाहीतर चांगलं कडक व्हिनेगर. तीन तासांहून जास्त मंद आचेवर ठेवायचं आणि शेवटी आलं आणि वितळलेलं लोणी. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ काही बोलले नाही. आंबट, आलं, लोणी, मंद आच. यात बटाट्याचं नावही नाही. माझ्या त्या मैफली ज्या निरस पदार्थावर रंगायच्या त्याचा पणजोबा चांगला खवय्या निघाला.

तेव्हा प्रश्नच फिरला. यांना चव कळत नाही का, हा प्रश्न संपला. आलं आणि लिंबू पातेल्यातून कधी गेलं आणि का गेलं, हा उरला.

लायडनमध्ये राहणाऱ्याला हुट्सपॉटच्या गोष्टीपासून सुटका नसते. १५७४ साली स्पॅनिश सैन्याने हे शहर वेढलं होतं. मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत आत अन्न नाही, त्यात प्लेग. अंदाजे एक तृतीयांश लोक मेले असं सांगतात. नगराध्यक्ष फान डेर वेर्फ याने शरण जाण्याऐवजी ‘माझा हात कापून खा’ असं भुकेल्या जमावाला सुनावलं, अशी आख्यायिका आहे. शहरात त्याच्या नावाची बाग आणि पुतळा आहे. शेवटी डच बंडखोरांनी बांध फोडून आजूबाजूची शेतं पाण्याखाली घातली आणि सपाट बुडाच्या होड्या त्या शेतांवरून हाकत लायडनकडे आणल्या. पाणी चढताना पाहून स्पॅनिश सैन्याने ३ ऑक्टोबरच्या आदल्या रात्री तळ सोडला. पहाटे कॉर्नेलिस योपेन्सझून नावाचा एक पोरका मुलगा लामेनस्खान्सच्या रिकाम्या गढीत शिरला आणि त्याला विस्तवावर राहिलेलं एक भांडं सापडलं; त्यात मांस, कांदे, गाजरं आणि पास्टिनाक. होड्यांतून आलेल्यांनी हेरिंग मासे आणि पांढरा पाव वाटला. आजही दर ३ ऑक्टोबरला सकाळी इथल्या जुन्या वजनघरापाशी हेरिंग आणि पाव वाटतात, घरोघरी हुट्सपॉट होतो, आणि सणाच्या दोन दिवसांत शहर इतकं गजबजतं की सायकलसुद्धा हातात धरून चालावं लागतं. ते भांडं म्हणून दाखवलं जाणारं एक काशाचं पातेलं डे लाकेनहाल संग्रहालयात आहे. इतिहासाचा पुरावा म्हणून त्याला किती मान द्यायचा हे ज्याने त्याने ठरवावं. मला त्या पातेल्यात हे दिसतं की वेढा उठल्याची आठवण म्हणून या गावाने शत्रूचं उरलेलं कालवण निवडलं आणि साडेचारशे वर्षं तेच शिजवत राहिलं. दुसरं एखादं शहर आपल्या विजयासाठी मेजवानीचा पदार्थ निवडतं.

बटाटाही लायडनला लवकर आला, पण पानात नाही, बागेत. कारोलस क्लुसियस हा वनस्पतितज्ज्ञ १५९३ मध्ये इथल्या विद्यापीठाच्या बागेवर नेमला गेला. ट्यूलिपच्या वेडाची सुरुवात त्याच्या वाफ्यांपासून मानतात. बटाटाही त्याने त्याआधी व्हिएन्नात लावून पाहिला होता आणि १६०१ च्या आपल्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. (याच क्लुसियसने गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या औषधी वनस्पतींवरच्या पुस्तकाचा लॅटिन संक्षेप करून ते युरोपभर पोचवलं. विषयांतर आहे, पण मांडवीकाठच्या पुस्तकाचा आणि लायडनच्या बागेचा धागा जुळलेला पाहून मला बरं वाटलं, एवढंच.) लोकांनी मात्र बटाट्याला फार काळ तोंड लावलं नाही. अठराव्या शतकात धान्य महाग झालं तसा गरिबाने तो नाइलाजाने उचलला, आणि मग तो जो बसला तो उठलाच नाही. त्याने आधी पास्टिनाक हाकलला, मग रोजच्या पानातला पावाचा मोठा वाटा घेतला. १८४५ मध्ये करपा पडून पीक कुजलं तेव्हा डच गरिबांचेही हाल झाले, कारण तोवर दुसरं काही उरलंच नव्हतं. फान गॉगने १८८५ मध्ये न्यूनेन गावात ‘बटाटे खाणारे’ हे चित्र काढलं. ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात ते समोर आलं की त्या मंडळींच्या बोटांकडे बघा. त्या ताटलीत बटाट्याशिवाय काही नाही.

त्यानंतर आल्या स्वयंपाकशाळा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे मुलींना घरकाम आणि स्वयंपाक शिकवणाऱ्या शाळा निघाल्या. हेतू चांगला होता: कामगारांच्या बायकांनी थोड्या पैशात पोटभर, स्वच्छ आणि पौष्टिक जेवण कसं करावं. ॲमस्टरडॅमच्या शाळेतल्या वानेए बाईंचं पाकपुस्तक १९१० मध्ये निघालं आणि पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी राहिलं. या पुस्तकांत ग्रॅम आहेत, मिनिटं आहेत, काटकसर आहे. मसाला ही चैन, आणि चैन शिकवणं शाळेचं काम नव्हे. डच खाण्याच्या इतिहासावर लिहिणारे अनेकजण या शाळांकडे बोट दाखवतात, आणि मला ते पटतं. आलं आणि लिंबू विसरलं गेलं नाही. हिशेबात बसेना म्हणून काढलं गेलं.

हे सगळं कागदावरचं होतं. माझ्या शेजारच्या बाई कागदावरच्या नव्हत्या. त्यांचं लहानपण लायडनचंच, आणि त्यात १९४४-४५ चा हिवाळा होता. रेल्वे संपाला उत्तर म्हणून जर्मनांनी पश्चिमेकडच्या शहरांचं अन्न रोखलं, मग कालवे गोठले, होड्या अडकल्या. अंदाजे २०,००० माणसं त्या हिवाळ्यात उपासमारीने गेली. लोकांनी साखरेचं बीट खाल्लं, ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. बाईंनी हे मला एकदाच सांगितलं, भांडी विसळता विसळता, आणि लगेच विषय बदलला. पण त्यांच्या घरात बटाटा सोलताना साल इतकी पातळ निघायची की तिच्यातून उजेड दिसावा. पातेल्यात चमचाभर स्टाम्पॉट उरला तरी तो वाटीत जायचा आणि दुसऱ्या दिवशी लोण्यावर परतला जायचा. ज्याला मी निरस म्हणत होते ते त्यांच्या डोळ्यांत सुरक्षित होतं. पातेलं भरलेलं आहे, गरम आहे, सगळ्यांना पुरणार आहे. चवीची बोलणी त्यानंतर.

तरीही, दुःखाच्या इतिहासाने कुठलाही पदार्थ चविष्ट होत नाही. भुकेची कहाणी ऐकून मी गप्प बसले असते, पण आवडीने खाल्लं नसतं. आवड आली ती हाताला काम मिळाल्यावर. एका हिवाळ्यात बाई बर्फावरून घसरल्या, मनगट मोडलं, आणि ठेचण्याचं काम माझ्याकडे आलं. त्या खुर्चीवर बसून सूचना देणार आणि मी ओट्यापाशी उभी. तोवर माझी समजूत होती की यात करण्यासारखं काही नाही.

पहिला धडा बटाट्याचा. स्टाम्पॉटला पिठूळ बटाटा लागतो, शिजल्यावर ज्याच्या कडा भुरभुरतात तो. सॅलडचा घट्ट बटाटा चालत नाही. पाणी निथळल्यावर पातेलं पुन्हा मंद आचेवर ठेवून, झाकण लावून हलवायचं, म्हणजे उरलेली ओल उडते. ही पायरी मी गाळली तर बाई काही बोलायच्या नाहीत, फक्त पातेल्याकडे बघायच्या. दूध गरमच घालायचं. आणि मिक्सर? मी एकदा वेळ वाचावा म्हणून हँड ब्लेंडर काढला तर त्या उठून उभ्या राहिल्या. पात्याने बटाट्याच्या पेशी फुटतात, आतला स्टार्च बाहेर येतो आणि भिंतीला कागद चिकटवावा असा लगदा होतो. ठेचायचं ते हाताने, वरून खाली, गोल फिरवायचं नाही, आणि थोड्या गुठळ्या मुद्दाम ठेवायच्या. कुठे थांबायचं ते बुरेनकोलला वेगळं आणि हुट्सपॉटला वेगळं. गाजराचे तुकडे दिसले पाहिजेत. केलचे दिसले नाहीत तरी दाताखाली लागले पाहिजेत.

दुसरा धडा हवामानाचा. शनिवारी न्यूवे रेन कालव्याकाठी बाजार भरतो, तिथला भाजीवाला थंडी सुरू झाल्याशिवाय केलची फार स्तुती करत नाही. पाला एकदा गोठणबिंदूखाली रात्र काढून आला की त्याच्यात साखर वाढते. थंडीपासून वाचण्याची ती झाडाची स्वतःची सोय. कडवटपणा मागे सरतो. ऑक्टोबरचा केल आणि जानेवारीतला केल मी एकाच हंगामात खाऊन पाहिला आहे, आणि फरक सांगायला तज्ज्ञ लागत नाही. वर्षभर पिशवीत चिरून मिळणारा केल खाऊन मी या पदार्थावर मत ठोकत होते आणि तेही बहुतेक सप्टेंबरात, गणपतीच्या सुमारास.

तिसरा आंडायव्हीचा, आणि मला विचाराल तर इथेच मी पुरती हरले. ही भाजी शिजवायचीच नाही. अगदी बारीक, दोऱ्यासारखी चिरून ठेवायची आणि बटाटा ठेचून झाला, विस्तव बंद झाला की मूठमूठ मिसळायची. बटाट्याच्या वाफेने ती जेमतेम माना टाकते, पण करकरीत राहते. वर खारवलेल्या डुकराच्या मांसाचे कुरकुरीत तुकडे आणि ती तुपकट चरबी. शाकाहारी घरांत त्याऐवजी जुन्या चीजचे चौकोन आणि अक्रोड. एका घासात मऊ, करकरीत, कुरकुरीत. गोड, कडू, खारट. यात अर्धवट काय आहे ते मला सांगता येईना.

आणि मग ती शेवटची पायरी. मी ती पातेल्यात शोधत होते, कारण आमची तिथे असते. यांची बशीत असते. खळग्यातलं ते ‘तपकिरी पाणी’ म्हणजे बीफ शिजवताना उरलेला, तमालपत्र आणि लवंग मुरलेला रस, नाहीतर लोणी करपवण्याच्या अगदी आधी थांबवून केलेली झ्यू नावाची ग्रेव्ही. ते केवढं घ्यायचं, बांध कधी फोडायचा हे खाणारा ठरवतो. मुलं तर तो बांध फुटू नये म्हणून कडेकडेने खातात. शेजारी झणझणीत मोहरी. लोणच्याची काकडी. छोटे आंबट कांदे. आणि पिकालिली: हळद-मोहरीतलं भाज्यांचं पिवळंधमक लोणचं, इंग्रजांनी अठराव्या शतकात आपल्या लोणच्यांची नक्कल करताना जन्माला घातलेलं आणि आता डच टेबलावर रुळलेलं. मधे मवाळ ढीग आणि भोवती हे सगळे तिखट-आंबट चौकीदार. माझ्या पहिल्या बशीच्या वेळीही मोहरीची बरणी टेबलावर होतीच. मी तिला हात लावला नव्हता, कारण जेवण पुढे आलं की ते तयार असतं असं मी धरून चालले होते.

या सगळ्याचा अर्थ मी सरसकट भक्त झाले असा नाही. झ्यूरकोलचा स्टाम्पॉट मला आवडत नाही. आंबवलेला कोबी ब्रेडबरोबर चांगला, बटाट्यात मिसळला की दोघंही आपापली धार घालवतात. काही लोक झ्यूरकोलमध्ये डब्यातला अननस घालतात, त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही. प्लास्टिकच्या तबकात तयार मिळणारा, मायक्रोवेव्हमध्ये फिरवायचा स्टाम्पॉट मी अजूनही ‘तो’ पदार्थच म्हणते, जुन्या अर्थाने. रोकवोर्स्टमध्ये मीठ आणि चरबी डॉक्टरांना आवडणार नाही इतकी असते. आणि स्वयंपाकशाळांनी शिकवलेली काटकसर आता श्रीमंत देशाच्या सवयीत उरली आहे तेव्हा तिचा आळसही झालेला दिसतो. खिशात पैसे आणि कपाटात आलं असताना कुणी तीच तीन भांडी फिरवत राहिलं तर इतिहास त्याचा बचाव करणार नाही. डच जेवण जगात भारी आहे असं मला कुणी म्हणायला लावू नये. दुपारी सहासहा महिने तोच थंड ब्रेड-चीज खाणाऱ्या कचेऱ्या मी पाहिल्या आहेत.

आपल्या लोकांशीही माझं एक भांडण होऊन बसलं आहे. आता मैफलीत माझ्याऐवजी दुसरी कुणीतरी बोलते: ‘अगं, मी बुरेनकोलला हिंग-जिरे-लाल मिरचीची फोडणी देते, काय लागतं!’ मी दिली आहे तशी फोडणी. उत्तम लागतं. पण मग तो बटाट्याचा गरगट्टा झाला, आणि तो आपल्याला आवडणारच. त्यावरून स्टाम्पॉटबद्दल काही कळत नाही. असं ‘सुधारून’ घेतलेलं खाऊन यांच्या जेवणाला मार्क देणं मला आता बरं वाटत नाही. उद्या कुणी पुरणपोळीवर चीज किसून ‘आता कुठे खाण्यालायक झाली’ म्हणालं तर आपण काय करू ते मला ठाऊक आहे.

मी घरी ठेचा ठेवते, बशीच्या कडेला, पिकालिलीच्या जागी. ते मला चालतं, कारण त्या पदार्थातच तशी जागा ठेवलेली आहे. शेजारच्या बाईंनी एकदा माझा ठेचा मोहरी समजून चांगला चमचाभर घेतला होता. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी पुन्हा घेतला, यावेळी टाचणीच्या डोक्याएवढा, आणि बटाटा जास्त.

तेव्हा इकडे येणार असाल आणि स्टाम्पॉट चाखायचा असेल तर एवढं करा. उन्हाळ्यात मागू नका. डिसेंबर उलटू द्या, दोन-चार रात्री कडाक्याच्या जाऊ द्या. सुरुवात आंडायव्हीने करा, मग बुरेनकोल, झ्यूरकोल शेवटी किंवा कधीच नाही. शक्यतो कुणाच्या घरी खा. मोहरीची बरणी पुढे आली तर नाही म्हणू नका. आणि पहिले चार घास तरी बॅगेतली चटणी बॅगेतच राहू द्या.